सोबतीला कोण चालेल

११ जानेवारी

दुकानदारसाहेब,

नमस्कार. तुमची-माझी ओळख नाही. तुमच्या दुकानाचा पत्ता माझ्या मुलीच्या वहीत पहिल्याच पानावर मिळाला, म्हणून लिहितो आहे. शेजारी फोन नंबरही आहे, पण मला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही आणि उजव्याने सोयीपुरतं येतं, असं घरच्यांचं मत आहे. तेव्हा पत्रच बरं.

मुलगी तुमच्या शहरात दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. एकटी खोली घेऊन राहायची. नोव्हेंबरात तिला ताप आला, तो डोक्यात गेला आणि नवव्या दिवशी ती गेली. वय बत्तीस. आम्हाला ती एकुलती एक.

खोली रिकामी करायला गेलो तेव्हा खिडकीखाली हा माशांचा टँक होता. घरमालकीणबाई रोज चिमूटभर खाणं टाकत होत्या. कपडे, भांडी, पलंग, सगळं वाटून टाकलं. मासे कुणाला द्यावेत ते कळेना, म्हणून टेम्पोत घालून घरी आणले. निघताना अकरा होते, पोचताना चार. एक निळा पट्टेवाला, दोन मातकट रंगाचे आणि एक पिवळी. टँक १२० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर आहे. पाणी काठाखाली पाच सेंटिमीटर ठेवलं तर २१६ लिटर भरतं. मी तीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो, त्यामुळे हा आकडा बरोबर आहे असं धरून चाला.

चौघांना चुकल्याचुकल्यासारखं होत असेल म्हणून मी सोबतीला सहा गोल्डफिश आणले. सकाळी दहाला सोडले. दुपारी जेवून उठलो तर एकाचीही शेपटी धड नव्हती. सहांतले चार मेले, उरलेले दोन परत देऊन आलो. आमची ही आधीच टँककडे पाठ करून बसायची, आता त्या खोलीतच येत नाही.

तर विचारायचं एवढंच की, या माशांच्या सोबतीला कोण चालेल?

आपला,
एक निवृत्त माणूस


१९ जानेवारी

काका, नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मुलीबद्दल काय लिहावं ते मला सुचत नाही, म्हणून माशांबद्दल लिहितो.

हे आफ्रिकन सिक्लिड. तिकडच्या एका मोठ्या तळ्यात खडकांच्या कपारींत राहतात. प्रत्येकाची आपली कपार, आणि दुसऱ्याने आत डोकं घातलं की मारामारी. गोल्डफिश म्हणजे संथ, लांब शेपटीचा, गरीब जीव. त्याला गार पाणी लागतं, यांना कोमट. त्यांची गाठ घालून देणं म्हणजे बकरी वाघाच्या घरी पाहुणी पाठवणं. वाईट वाटून घेऊ नका, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. एंजल, गप्पी हेही आणू नका. तिथला दुकानदार म्हणेल, "राहतील हो, होते सवय." होत नाही.

तुम्हाला उलटं वाटेल, पण चार हा आकडाच वाईट. चारांत एक दादा होतो आणि उरलेल्या तिघांना जगू देत नाही. वीस असले की मार वाटला जातो, दादाचं कुणा एकावर लक्ष राहत नाही. त्याच तळ्यातले, साधारण याच आकाराचे, याच स्वभावाचे मासे हवेत. फार मवाळ नको आणि फार मोठाही नको. निळ्यासारख्याच रंगाचा दुसरा नर तर मुळीच नको, तो त्याला दावेदार समजेल. एका नरामागे तीन-चार माद्या. तळाला दोन मिशीवाले कॅटफिश चालतील, ते राठ कातडीचे असतात, कुणाला भीक घालत नाहीत.

बोअरचं पाणी मिळालं तर तेच वापरा, यांना जड पाणी मानवतं. पाव टाकत असाल तर बंद करा. मटार उकडून, साल काढून द्या.

पिवळीला डाव्या डोळ्याने दिसत नाही. खाणं तिच्या उजव्या बाजूला टाका.

तुमचा,
मासेवाला


२ फेब्रुवारी

दुकानदारसाहेब,

तुमची स्मरणशक्ती दांडगी आहे. गिऱ्हाइकाने नेलेल्या माशाचा कुठला डोळा अधू होता हे लक्षात ठेवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. तुम्ही लिहिलंत तसं उजवीकडे खाणं टाकलं आणि पिवळीने मटाराचे तीन तुकडे मटकावले. मी हिला हाक मारली. ही दारात येऊन उभी राहिली, मग स्टूल ओढून बसली. त्यानंतर रोज बसते. निळ्याचं नाव तिने "इन्स्पेक्टर" ठेवलं आहे. का, ते विचारू नका. दिवसभर दुसऱ्यांच्या मागे लागलेला असतो म्हणून, असं ती म्हणते.

सोबतीचे मासे इथे मिळत नाहीत. तुम्ही पाठवू शकाल का?

आणि एक विचारायचं होतं. चिंगी (घरात आम्ही तिला चिंगी म्हणायचो) तुमच्याकडे यायची तेव्हा बोलायची का? लहानपणी तिची जीभ टाळूला लागत नसे. पण शेवटची चार वर्षं माझ्याशी "हो", "नाही" आणि "औषध घेतलंत का" यापलीकडे बोलली नाही. कारण मला माहीत आहे. तिने एकदा लग्नाचं काढलं होतं. "त्याचं छोटं दुकान आहे," एवढंच म्हणाली, आणि मी हात वर करून तिला थांबवलं. म्हणालो, तराजूखाली चुंबक लावणारे दुकानदार मी आयुष्यभर पकडले, त्यांच्या घरात मुलगी देणार नाही. कसलं दुकान तेही विचारलं नाही. तिने ताटातलं संपवलं, ताट धुऊन ठेवलं आणि दुपारच्या गाडीने परत गेली.

तुम्हीही दुकानदार आहात, मनाला लावून घेऊ नका. हे इथे कुणाशी बोलता येत नाही. अनोळखी माणसाला लिहिणं सोपं जातं.

आपला,
चिंगीचा बाप


९ मार्च

काका,

उत्तराला उशीर झाला. दुकानात काम होतं.

बसचे ड्रायव्हर ओळखीचे आहेत, त्यांच्याबरोबर थर्माकोलची पेटी पाठवतो आहे. चौदा लहान सिक्लिड आणि दोन कॅटफिश. पिशव्यांत प्राणवायू भरला आहे, दिवसभर टिकेल. आधी टँकमधले सगळे दगड हलवून नव्याने रचा. दगड बदलले की जुन्यांना आपलं घर कुठलं ते आठवत नाही, आणि नव्यांशी भांडायला जागाच उरत नाही. मग पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवा, थोडं थोडं टँकचं पाणी आत घाला, आणि सगळे एकदम सोडा. एकेक करून सोडू नका. एकट्याने आलेल्या नव्याचे हाल होतात. दिवा संध्याकाळपर्यंत बंद ठेवा.

ती रविवारी यायची. बोलायची. म्हणायची, "माणसांच्या कवळ्या मी करते, तुझ्या माशांचे दात मात्र माझ्या आवाक्याबाहेरचे."

मासेवाला


२६ मार्च

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. हे बोअरच्या पाण्याचे कॅन आणायला गेलेत.

मासे सुखरूप आले. दगड यांनी तुमच्या पत्राबरहुकूम हलवले, फूटपट्टी घेऊन. इन्स्पेक्टर दोन दिवस भांबावल्यासारखा फिरत होता, आता त्याला इतक्या जणांच्या मागे धावायला होत नाही. पण एक वाईट झालं आणि ते हे तुम्हाला कळवणार नाहीत. पिवळीने खाणं सोडलं होतं. हनुवटीखाली फुगली होती. यांना वाटलं आजारी आहे. हे म्हणाले, मिठाच्या पाण्यात वेगळी ठेवू. जाळीत धरली तर तिने तोंडातून काहीतरी टाकलं. मोहरीएवढी पिल्लं होती हो, हलणारी. आम्हाला कळेपर्यंत बाकीच्यांनी गिळली. एकही उरलं नाही. हे जाळी हातात धरून तसेच उभे राहिले. तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चिंगी गेली तेव्हाही हे एवढे गप्प नव्हते. तेव्हा फॉर्म भरायचे होते, माणसं बोलवायची होती.

आता खरं विचारायचं ते विचारते. तूच ना तो? तू म्हटलं तर चालेल ना?

चिंगीने मला सांगितलं होतं. "आई, त्याचं माशांचं दुकान आहे. पिवळी एका डोळ्याने आंधळी आहे म्हणून कुणी घेईना, तर त्याने मला फुकट दिली." यांना सांगायला आली तेव्हा मी ओट्याशी होते. यांचा हात वर गेला ते मी पाहिलं. मी गॅस बारीक केला आणि गप्प राहिले. "अहो, तिला बोलू तरी द्या," एवढे चार-पाच शब्द. ते माझ्याकडून झाले नाहीत.

यांचं पहिलं पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं होतं. पत्ता वाचला आणि कळलं. फाडून टाकता आलं असतं. टाकलं पेटीत.

ती शेवटी तुझ्याशी काय बोलली, ते मला सांगशील का? दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा ती बोलायच्या पलीकडे गेली होती.

चिंगीची आई


५ एप्रिल

काकू,

हो. मीच तो.

पिल्लांचं आधी सांगतो. या माशांची मादी अंडी तोंडात धरते. तीन आठवडे काही खात नाही, पिल्लं पोहायला लागली की सोडते. घाबरली तर मध्येच थुंकते. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. काकांना सांगा, प्रत्येकाकडून हे एकदा होतं. माझ्याकडून दोनदा झालं आहे.

तुम्ही विचारलंत ती शेवटी काय बोलली. मला सांगायला चांगलं काही नाही, काकू. ती चार वर्षं म्हणत होती, "बाबा एकदा विचारतील. नुसतं विचारतील, कसलं गं दुकान त्याचं? मग मी सगळं सांगेन." रजिस्टर लग्नाचा फॉर्म मी दोनदा आणला, दोन्ही वेळा तिने तो ड्रॉवरमध्ये ठेवला. तुमच्या पाठीमागे तिला काही करायचं नव्हतं. ऑगस्टमध्ये माझा धीर सुटला. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मी म्हणालो, "तुला बाबा हवेत की मी, ते एकदाचं सांगून टाक." ती म्हणाली, "हे तू विचारायला नको होतंस." पर्स उचलली आणि गेली. पुढच्या रविवारी आली नाही. मीही गेलो नाही. दुकानापासून तिची खोली वीस मिनिटांवर होती. मला वाटलं, येईल. तीन महिने वाटत राहिलं.

नोव्हेंबरात तिच्या लॅबमधल्या बाईंनी फोन केला. मी पोचलो तेव्हा ती कुणालाच ओळखत नव्हती.

काकांना माहीत नाही, पण आम्ही भेटलो आहोत. तिसऱ्या दिवशी ते कॉरिडॉरमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. मला म्हणाले, "तुमचं कोण आहे आत?" मी म्हणालो, "ओळखीचं आहे." ते म्हणाले, "होईल हो बरं. डॉक्टर चांगले आहेत." मी उठून त्यांच्यासाठी चहा आणला. मग रोजच आणायचो. नवव्या दिवशी सकाळी तुमचा आवाज आतून आला आणि मी जिना उतरून निघून गेलो. तिथे रडलो असतो तर, हा कोण म्हणून रडतोय, असं कुणीतरी विचारलं असतं.

अंत्यदर्शनाला मी नव्हतो. लांब रस्त्याच्या पलीकडे होतो.

काकांना हे सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.


१८ एप्रिल

दुकानदारसाहेब,

तुमचं पत्र हिने आठ दिवस कपाटात ठेवलं होतं. परवा माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन धुतलेल्याच कपड्यांच्या पुन्हा घड्या घालत बसली.

मला तुमचा चेहरा आठवतो. चेक्सचा शर्ट होता, बाहीचं एक बटण तुटलेलं. चहात साखर असायची. मला साखर चालत नाही, पण तुम्ही इतक्या लांबून कप सांभाळत आणायचात की सांगवलं नाही. घरी आल्यावर हिला म्हणालोही होतो, त्या गर्दीत एक माणूस भला भेटला, त्याचं पेशंट वाचलं की नाही देव जाणे.

नोकरीत मी चौतीस दुकानदारांवर खटले भरले. त्यांतल्या प्रत्येकाला, कागदावर सही घेण्याआधी, मी विचारायचो, "तुमचं काही म्हणणं आहे का?" कायद्याने विचारावंच लागतं. काही जण शिव्या द्यायचे, काही रडायचे, मी सगळं लिहून घ्यायचो. लबाड निघालेल्या चौतीस माणसांचं म्हणणं ऐकून घेतलं. माझ्या मुलीचं नाही. आणि ती वाट बघत होती, हे मला आता तुमच्या पत्रातून कळतं. मी समजत होतो ती रागावली आहे. राग निवेल म्हणून मी थांबलो होतो. ती मी विचारीन म्हणून थांबली होती. चार वर्षं, ती सुट्टीला घरी आली की, दोघंही जेवायच्या टेबलाशी समोरासमोर बसून भात कालवत होतो.

तुम्ही तिला जे बोललात ते माझ्यामुळे बोललात. ते ओझं तुम्ही उचलू नका. मी लिहून देतो आहे, सहीनिशी.

माफी मागण्याचं तोंड नाही. पण या एकदा आमच्याकडे. टँक बघायला या असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. आम्हाला भेटायला या. तिची खोली तशीच आहे, म्हणजे नोकरीला जाण्याआधीची, इथली. तुम्ही तिचं लहानपण पाहिलेलं नाही, आम्ही तिची शेवटची वर्षं पाहिलेली नाहीत. एकत्र बसलो तर ती जराशी पुरी होईल.

चिंगीचा बाप


३ मे

काका,

तुमचं पत्र खिशात घालून पंधरा दिवस हिंडलो. एकदा तिकीटही काढलं. पण मी येणार नाही.

तुम्हाला कारण कळायला हवं म्हणून लिहितो. तुम्ही वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. चार वर्षं मी तसंच धरून चाललो होतो. मग कॉरिडॉरमध्ये तुम्ही मलाच धीर दिलात, मग फूटपट्टी घेऊन दगड रचलेत. आता तुमच्या घरी आलो, समोर बसलो, काकूंनी पाणी आणून दिलं, की मी तुम्हाला माफ करून टाकीन. मला माझा स्वभाव माहीत आहे. आणि ते मला अजून नको आहे. तुमच्यावरचा राग सुटला की सगळा माझ्यावर येईल. दुकानापासून वीस मिनिटं, काका. तुम्हाला माहीत नव्हतं. मला पत्ता पाठ होता.

तेवढं सोसायची ताकद आत्ता नाही. पुढे कधी येईल की नाही, सांगता येत नाही. तुम्ही वाट बघू नका, एवढीच विनंती. वाट बघण्याने आपल्याकडे कुणाचंच भलं झालेलं नाही.

माशांचं काहीही अडलं तर लिहीत जा. उत्तर देईन. खाणं दर दोन महिन्यांनी बसने पाठवीन.

मासेवाला


११ मे

दुकानदारसाहेब,

तुमचं बरोबर आहे. मी वाद घालणार नाही. पत्र हिला मोठ्याने वाचून दाखवलं.

पिवळी मंगळवारी गेली. भांडण नाही, जखम नाही. सकाळी तळाशी आडवी होती. वय झालं असावं, की तो धक्का, ते मला ठरवता येत नाही. बाकीचे सोळा मासे आणि दोन मिशीवाले ठीक आहेत. मातकटांतला एक मागच्याच महिन्यात गेला होता, ते लिहायचं राहिलं. नव्यांतला एक आता उलटून इन्स्पेक्टरच्या अंगावर जातो. मी मधे पडत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही इथे येणार नाही म्हणालात. मी तिथे येऊ नये हेही मला समजलं. पण हिच्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. काल भाजी निवडता निवडता ही म्हणाली, "मी जाऊन येते. चिंगी रविवारी कुठे बसायची ते मला बघायचं आहे." मी म्हणालो, एकटी कशी जाशील? लग्नाला छत्तीस वर्षं झाली, ही एकटी कुठे गेलेली नाही. तर म्हणाली, "तेच सांगते आहे, एकटीच जाणार." मी उठलो आणि तिचं तिकीट काढून आणलं.

शनिवारी सकाळी नऊच्या गाडीत मी तिला बसवून देतो. दुपारी तीनला पोचेल. हातात हिरवी कापडी पिशवी असेल. तिच्यात चिंगीचे लहानपणचे फोटो आहेत. सगळे बघून घ्या, हवे ते ठेवून घ्या, विचारू नका. तिचा उजवा गुडघा दुखतो, उतरताना हात द्या. प्रवासात ती काही खात नाही, त्यामुळे भुकेली असेल आणि नाही म्हणेल. दोनदा आग्रह करा.

ती तुमच्याशी बोलेल. इथे माझ्यापुढे तिचं बोलणं होत नाही, ते माझ्यामुळेच. तिला तिथे राहावंसं वाटलं तर राहू दे. माझी काळजी नको, मला भात लावता येतो, आणि माशांना दिवसातून दोनदा द्यायचं आहेच. परत कधी पाठवायची ते घाईने ठरवू नका.

चिंगीचा बाप